वाचकांचे प्रश्न: व्हर्च्युअल सर्व्हरमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे आता काम उरलंय तरी काय?

व्हर्च्युअलायझेशनबद्दल, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर (होस्ट) हायपरवायझर नावाच्या सॉफ्टवेअरने अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम किंवा गेस्ट) चालवण्याबद्दल, आलेल्या पत्रांपैकी काही निवडून या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकच दिसते: आतली ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) एक आकडा दाखवते आणि सर्व्हरवर घडत असतं भलतंच.

प्रश्न: ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला थर, असं आम्हाला शिकवतात. हायपरवायझर आल्यावर ही व्याख्या नेमकी कोणाला लागू होते? आतली ओएस काढूनच टाकली तर काय बिघडेल?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: दोघांनाही, पण अर्धी अर्धी. एका व्हीएममधला प्रोग्रॅम फाइलमध्ये एक ओळ लिहितो तेव्हा काय होतं ते बघा. आतलं कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, ती ओळ आधी पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवतं, फाइलसिस्टिमच्या हिशोबाने ब्लॉक ठरवतं आणि व्हर्टआयओ, म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेल्या आभासी यंत्रांच्या, ड्रायव्हरच्या हवाली करतं. हा ड्रायव्हर कुठल्याही खऱ्या डिस्क कंट्रोलरशी बोलत नाही. तो मेमरीतल्या एका रिंगमध्ये मागणी ठेवतो आणि खालच्या थराला इशारा देतो. लिनक्समधला केव्हीएम हा हायपरवायझर असेल तर ती रिंग क्यूईएमयू हा त्याचा जोडीदार प्रोग्रॅम वाचतो. त्यानंतर होस्टचं लिनक्स कर्नल पुन्हा स्वतःच्या एलव्हीएममधून (डिस्कची जागा वाटणाऱ्या थरातून), स्वतःची रांग लावून ती ओळ खऱ्या एनव्हीएमई डिस्कवर उतरवतं. एका ओळीसाठी दोन कर्नल, दोन रांगा, आणि सेटिंग चुकलं असेल तर दोन कॅश.

यातला खालचा भाग, म्हणजे खरा ड्रायव्हर, खऱ्या कोअरची वाटणी, खऱ्या रॅमचा हिशोब, गेस्ट ओएसच्या हातून गेला आहे. उरला तो वरचा भाग: सिस्टिम कॉल, प्रोसेस एकमेकींपासून वेगळ्या ठेवणं, युजर आणि परवानग्या, फाइलसिस्टिम, टीसीपीचा सगळा व्यवहार आणि सुरक्षेचे पॅच. 'कोणत्या व्हीएमला किती' हे हायपरवायझर ठरवतो. 'कोणत्या प्रोसेसला काय करू द्यायचं' हे त्याला दिसतच नाही. म्हणून खाली हायपरवायझर कितीही भक्कम असला, तरी आतल्या ओएसचं पॅचिंग कोणी परस्पर करून देत नाही.

आतली ओएस बारीक करण्याची कल्पना मात्र जुनी आहे. आयबीएमने १९७२मध्ये मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणली, त्यात हार्डवेअर वाटून देण्याचं काम सीपी नावाचा भाग करायचा आणि प्रत्येक वापरणाऱ्याच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये सीएमएस नावाची साधी, एकाच माणसापुरती ओएस चालायची. अनेकांना सांभाळण्याची भानगड सीएमएसने कधी केलीच नाही, कारण ती खालून होत होती. एक्स८६च्या जगाला तिथे पोहोचायला उशीर लागला. व्हीएमवेअरचा ईएसएक्स हा हायपरवायझर आला २००१मध्ये. केंब्रिज विद्यापीठातून निघालेल्या झेन या हायपरवायझरचा शोधनिबंध २००३चा. इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली २००५-०६मध्ये, आणि फेब्रुवारी २००७च्या २.६.२० आवृत्तीपासून केव्हीएम लिनक्स कर्नलचाच भाग झालं.

ओएस पूर्ण काढण्याचा प्रयोगही झाला आहे. मिराजओएससारख्या युनिकर्नलमध्ये प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी तेवढीच लायब्ररी एकत्र जोडून थेट हायपरवायझरवर चालवतात. वेग छान मिळतो, पण काही अडलं तर आत शिरून कमांड द्यायला शेल नाही, सीपीयूचा वापर दाखवणारा 'टॉप' नाही, काहीच नाही, आणि तयार सॉफ्टवेअर तसंच्या तसं चालत नाही. त्यापेक्षा मधला मार्ग जास्त टिकला. ॲमेझॉनच्या २०१८च्या फायरक्रॅकर या हलक्या हायपरवायझरमध्ये लिनक्स कर्नल आहे तसंच राहतं, पण त्याला दाखवायची यंत्रं मोजकीच ठेवली आहेत: नेटवर्क, डिस्क, सिरियल कन्सोल आणि अशीच दोनचार. त्यामुळे साधारण १२५ मिलिसेकंदांत व्हीएम उभं राहतं आणि दर व्हीएममागे हायपरवायझरचा स्वतःचा खर्च ५ एमबीच्या आत राहतो.

प्रश्न: व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर आमच्या अकाउंटिंगच्या व्हीएमला ४ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) होते. महिनाअखेरीला धीमं पडतं म्हणून ८ केले, तर आणखीच धीमं झालं. आत 'टॉप'मध्ये सीपीयू ५० टक्क्यांच्या वर जात नाही. हे कसं काय?
— सिस्टिम ॲडमिन, सहकारी पतसंस्था, सांगली

उत्तर: आतल्या 'टॉप'ला त्याला मिळालेल्या वेळाचाच हिशोब माहीत असतो, न मिळालेल्या वेळाचा नाही. व्हीसीपीयू म्हणजे होस्टच्या दृष्टीने रांगेत उभा असलेला एक थ्रेड. होस्टवर १६ कोअर असतील आणि सगळ्या व्हीएमचे मिळून ९० व्हीसीपीयू असतील, तर वाट बघणं आलंच. ८ व्हीसीपीयूंच्या व्हीएमला तर त्यातले बरेचसे साधारण बरोबरीने पुढे सरकायला लागतात. एक फार पुढे गेला तर त्याला मुद्दाम थांबवून ठेवलं जातं.

वर आणखी एक त्रास. आतल्या कर्नलमध्ये एका व्हीसीपीयूने लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरलंय आणि नेमकं त्याच क्षणी होस्टने त्याला बाजूला काढलं, तर बाकीचे त्या लॉकची वाट बघत फुकट फिरत राहतात. लॉक धरणारा कोअरवरच नाही, हे गेस्टला कळत नाही. व्हीसीपीयू वाढवाल तसा हा प्रकार वाढतो.

मोजायचं असं. व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन साधनात त्या व्हीएमचा 'सीपीयू रेडी', म्हणजे कोअरची वाट बघण्यात गेलेला वेळ, रिअल-टाइम चार्टवर बघा. तो आकडा २० सेकंदांच्या टप्प्यातला, मिलिसेकंदांत असतो. त्याला २०,०००ने भागून १००ने गुणा, मग व्हीसीपीयूंच्या संख्येने भागा. समजा १६,००० दिसले: १६,००० भागिले २०,००० म्हणजे ८० टक्के, ८ व्हीसीपीयूंवर वाटले की दर व्हीसीपीयू १० टक्के. ५च्या आत असेल तर ठीक, १०ला पोहोचलं की वापरणारे तक्रार करणारच. होस्टवर 'ईएसएक्सटॉप'मध्ये 'को-स्टॉप'चा (वर सांगितलेल्या मुद्दाम थांबवण्याचा) रकाना ३ टक्क्यांच्या वर असेल, तर व्हीसीपीयू जास्त झाले आहेत हे नक्की समजा. उपाय उलटा आहे: पुन्हा ४ करा, रेडी मोजा, आणि त्याच होस्टवरच्या इतर व्हीएमना उगाच दिलेले व्हीसीपीयूही काढा. खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

केव्हीएम किंवा झेनवर हा आकडा आतूनच दिसतो. 'व्हीएमस्टॅट १' चालवा, सीपीयूच्या रकान्यांतला 'एसटी', म्हणजे होस्टने न दिलेला वेळ, बघा. व्हीएमवेअरवर तो सहसा शून्यच राहतो. त्या शून्यावर विसंबून 'होस्टचा काही दोष नाही' असं ठरवू नका.

प्रश्न: १६ जीबीच्या लिनक्स व्हीएममध्ये 'फ्री' कमांड १४ जीबी वापरात दाखवते. सगळ्या प्रोसेसची बेरीज केली तर जेमतेम ७ जीबी. कॅशही वेगळी धरली. बाकीची मेमरी खाल्ली कोणी?
— डेटाबेस ॲडमिन, नाशिक

उत्तर: बलून ड्रायव्हरने. होस्टची रॅम कमी पडली की तो गेस्टमधल्या या ड्रायव्हरला फुगायला सांगतो. ड्रायव्हर आतल्या कर्नलकडून रीतसर पानं (मेमरीचे तुकडे) मागून घेतो आणि ती खाली होस्टला परत देतो. पानं कर्नलनेच दिलेली असतात म्हणून 'वापरात' मोजली जातात, आणि घेणारी प्रोसेस नसते म्हणून यादीत सापडत नाहीत. खात्री करायला व्हीएमवेअरवर आतून 'व्हीएमवेअर-टूलबॉक्स-सीएमडी स्टॅट बलून' चालवा, एमबीत आकडा येईल.

रागाच्या भरात बलून ड्रायव्हर काढून टाकू नका. बलून नसेल तर होस्ट पानं स्वतःच उचलून स्वॅपमध्ये टाकतो, आणि कोणतं पान बिनकामाचं हे त्याला कळत नाही. डेटाबेसचा गरम बफरही तो बेधडक डिस्कवर लोटेल. बलूनमध्ये निदान निवड गेस्टची असते. डेटाबेसच्या व्हीएमसाठी सरळ मेमरी रिझर्व्हेशन लावा, म्हणजे होस्टची तेवढी रॅम राखून ठेवा. प्रॉक्समॉक्सवर (केव्हीएमवर उभ्या व्यवस्थेवर) किमान आणि कमाल मेमरी सारखी ठेवा. तिथे होस्टची रॅम ८० टक्क्यांच्या पुढे गेली की आपोआप बलून फुगायला लागतो, हे लक्षात असू द्या.

प्रश्न: उबुंटूचा एक टेम्प्लेट बनवून त्याचे सहा क्लोन काढले. मॅक ॲड्रेस सगळ्यांचे वेगवेगळे, तरी डीएचसीपीकडून सहाही जणांना एकच आयपी मिळतो. स्विच, डीएचसीपी सर्व्हर सगळं तपासून झालं.
— नेटवर्क इंजिनिअर, कोल्हापूर

उत्तर: स्विच बिचारा निर्दोष आहे. उबुंटू सर्व्हरमध्ये नेटवर्क सांभाळणारा सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला आपली ओळख मॅकवरून सांगत नाही. '/ईटीसी/मशीन-आयडी' फाइलवरून तयार केलेली ओळख सांगतो. क्लोनमध्ये ती फाइल जशीच्या तशी आली, म्हणून सर्व्हरला सहा जण एकच वाटतात.

आधीच निघालेल्या क्लोनवर: ही फाइल रिकामी करा, 'सिस्टिमडी-मशीन-आयडी-सेटअप' चालवा, रीबूट करा. किंवा नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये त्या इंटरफेसखाली 'डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक' लिहा.

टेम्प्लेट मात्र पुन्हा नीट बनवा. पहिल्या बूटला सेटिंग लावणाऱ्या क्लाउड-इनिटसाठी 'क्लाउड-इनिट क्लीन' चालवा. 'ट्रंकेट'ने मशीन-आयडी शून्य बाइटची करा. फाइल उडवू नका, रिकामी ठेवा. '/व्हार/लिब/डीबस'मधली मशीन-आयडी हिचीच लिंक आहे ना ते बघा, स्वतंत्र फाइल असेल तर तिच्यातून जुनाच आयडी परत येऊ शकतो. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या) होस्ट की पुसा, नाहीतर सहाही सर्व्हरची खाजगी की एकच राहील आणि हे कित्येक वर्षं कोणाच्या ध्यानात येत नाही. नव्या की पहिल्या बूटला क्लाउड-इनिट बनवून देतो. तो नसेल तर डेबियन-उबुंटूवर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर' हातानेच चालवावं लागतं. शेवटी रीबूट नाही, पॉवर ऑफ. एकदा जरी बूट झालं तरी सगळ्या ओळखी पुन्हा तयार होतात आणि केलेली मेहनत वाया जाते. विंडोजसाठी याच कामाला सिसप्रेप आहे, 'जनरलाइझ' पर्यायासकट.

प्रश्न: ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून लायसन्सचा खर्च झेपत नाही, म्हणून प्रॉक्समॉक्सवर जायचं ठरलं आहे. सुमारे ३० व्हीएम आहेत, निम्मी विंडोज, निम्मी अल्मालिनक्स. चाचणीत विंडोज निळा स्क्रीन देऊन अडकलं आणि लिनक्स 'ड्रॅकट इमर्जन्सी शेल'मध्ये. डिस्कची कॉपी तर बरोबर झाली आहे. मग चुकतं कुठे?
— आयटी व्यवस्थापक, उत्पादन कंपनी, वेर्णा, गोवा

उत्तर: कॉपी बरोबरच आहे. बूट होताना ओएसला स्वतःची डिस्क दिसत नाही, एवढंच. दोन्हीकडे कारण एकच. ओएसने बूटच्या वेळी लागणारे ड्रायव्हर जुन्या यंत्रावरून ठरवलेले असतात, आणि जुनं यंत्र म्हणजे व्हीएमवेअरचा पीव्हीएससीएसआय किंवा एलएसआय कंट्रोलर. नव्या घरी आहे व्हर्टआयओ. व्हर्च्युअल झाल्यावर हार्डवेअरची कटकट संपते असं म्हणतात, पण हार्डवेअर फक्त दुसऱ्या नावाने येतं.

सगळ्यात आधी प्रत्येक व्हीएमची नोंद करा: फर्मवेअर बायोस की यूईएफआय, डिस्क कंट्रोलर, स्थिर आयपी, मॅक, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) आहे का. बायोसचं व्हीएम यूईएफआयवर टाकलं की तसंच्या तसं उठत नाही, म्हणून नव्या जागी फर्मवेअर तेच ठेवायचं. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी आणि संरक्षण तेवढ्यापुरतं थांबवलेलं हवं. सगळे स्नॅपशॉट (व्हीएमच्या जतन केलेल्या जुन्या स्थिती) मिटवून टाका. व्हीएमवेअर टूल्स ईएसएक्सआयवर असतानाच काढा, कारण स्थलांतरानंतर त्यांचा अनइन्स्टॉलर अनेकदा 'हे व्हर्च्युअल मशीन नाही' म्हणून अडून बसतो.

विंडोज आधी. व्हर्टआयओ-विनच्या आयएसओमधले ड्रायव्हर जुन्या जागीच घालून ठेवले तर चांगलं, पण तेवढ्यावर भागत नाही. कंट्रोलर प्रत्यक्ष एकदा दिसल्याशिवाय विंडोज त्याचा ड्रायव्हर बूटच्या यादीत घेत नाही, आणि मग ०x७बी, म्हणजे 'बूट डिव्हाइस सापडत नाही' हा निळा स्क्रीन येतो. म्हणून प्रॉक्समॉक्सवर मुख्य डिस्क आधी साटा म्हणून जोडा आणि व्हर्टआयओ एससीएसआय कंट्रोलरवर १ जीबीची एक रिकामी डिस्क द्या. विंडोज साटावरून उठेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रेड हॅट व्हर्टआयओ' कंट्रोलर पिवळ्या खुणेशिवाय दिसला की बंद करा. मुख्य डिस्क साटावरून काढून एससीएसआयवर लावा, रिकामी डिस्क उडवा. इथे बरेच जण एक पायरी विसरतात: डिस्क काढून पुन्हा लावली की प्रॉक्समॉक्सच्या 'बूट ऑर्डर'मधून तिचं नाव गेलेलं असतं. ते परत टिक करा, नाहीतर व्हीएम नेटवर्कवरून बूट व्हायचा प्रयत्न करत राहतं आणि माणूस पुन्हा ड्रायव्हर शोधत बसतो.

अल्मालिनक्समध्ये ड्रॅकट नावाचा प्रोग्रॅम बूटची इनिटरॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत लोड होणारी छोटी फाइलसिस्टिम) बनवताना त्या यंत्राला लागतील तेवढेच मॉड्यूल घेतो. म्हणून ईएसएक्सआयवरच, हलवण्याच्या आदल्या दिवशी, 'ड्रॅकट --फोर्स --नो-होस्टओन्ली --रीजनरेट-ऑल' चालवा. सगळे मॉड्यूल आत येतात, फाइल काही दहा एमबींनी फुगते, तेव्हा '/बूट'मध्ये जागा आहे ना ते आधी बघा. आधीच अडकला असाल तर बूट मेनूतल्या 'रेस्क्यू' कर्नलने उठवून पहा. त्याची इनिटरॅमएफएस सर्वसमावेशक असते, त्यामुळे बहुतेक वेळा काम होतं. उबुंटू आणि डेबियन मुळातच बहुतेक मॉड्यूल घेतात, त्यांना हा त्रास नाही.

पुढचा अडथळा नेटवर्कचा. लिनक्समध्ये 'ईएनएस१९२'चं 'ईएनएस१८' होतं आणि जुन्या नावाची सेटिंग कोणी वाचतच नाही. कन्सोलवरून नाव बदलावं लागेल. विंडोजमध्ये तोच स्थिर आयपी द्यायला गेलात की 'हा पत्ता दुसऱ्या ॲडॉप्टरला दिलेला आहे' असं ते सांगतं. तो ॲडॉप्टर म्हणजे निघून गेलेलं व्हीएमवेअरचं नेटवर्क कार्ड, व्हीएमएक्सनेट३. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा आणि तो अनइन्स्टॉल करा. मॅक ॲड्रेस जुनाच ठेवा. काही सॉफ्टवेअरची लायसन्स त्याला बांधलेली असतात, डीएचसीपीतली राखीव नोंदही.

प्रॉक्समॉक्स ८.२पासून ईएसएक्सआयवरून थेट आयात करण्याची सोय आहे, कॉपीसाठी ती वापरा. ड्रायव्हरचं काम मात्र ती करून देत नाही. 'व्हर्ट-व्ही२व्ही' हे साधन ते करतं, पण त्याचा सराव लिबव्हर्ट किंवा ओपनस्टॅकवाल्यांना जास्त. शेवटी क्यूईएमयू गेस्ट एजंट घाला, नाहीतर बॅकअपच्या वेळी फाइलसिस्टिम गोठवली जाणार नाही. जुनं व्हीएम लगेच पुसू नका, त्याचं नेटवर्क कार्ड तोडून बंद ठेवा.

प्रश्न: व्हीएममधून २०० जीबीच्या जुन्या फाइली पुसल्या, तरी होस्टवर जागा मोकळी होत नाही. आणि गेस्टमध्ये डिस्कचा शेड्यूलर कोणता ठेवावा?
— वाचक, औरंगाबाद

उत्तर: फाइल पुसल्याचं आतल्या फाइलसिस्टिमला कळतं, खालच्याला ते सांगावं लागतं. प्रॉक्समॉक्सवर डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिस्कार्ड' टिक करा, व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा, मग आत 'एफएसट्रिम -एव्ही' चालवा. 'एफएसट्रिम.टायमर' चालू ठेवलात की आठवड्याला आपोआप होईल. ट्रिम करूनही जागा सुटली नाही तर जुना स्नॅपशॉट शोधा, ते ब्लॉक त्याने धरून ठेवलेले असतात. हे टाळू नका. एलव्हीएम-थिनचा (गरजेप्रमाणे जागा देणाऱ्या साठ्याचा) पूल भरला की आत ४० टक्के जागा रिकामी दिसत असतानाच व्हीएम 'आयओ-एरर' दाखवून थांबतं.

शेड्यूलर 'नन'. रांग लावायचं काम होस्ट करतोच, गेस्टने त्याच्या आधी पुन्हा रांग लावून फायदा नाही. रेड हॅट घराण्यात 'ट्यून्ड'चं 'व्हर्च्युअल-गेस्ट' प्रोफाइल लावलं की बाकीची किरकोळ सेटिंगही जागेवर येतात.

प्रश्न: मेमरीसकट घेतलेला स्नॅपशॉट परत लावला की व्हीएमचं घड्याळ मागे पडलेलं असतं आणि क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू असूनही तासन्‌तास जुळत नाही. ऑडिटमध्ये लॉगच्या वेळेवर शेरा आला आहे.
— सर्व्हर टीम, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर: क्रोनीची नेहमीची सेटिंग 'मेकस्टेप १.० ३' अशी असते, म्हणजे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या ३ मोजण्यांपर्यंतच घड्याळ उडी मारून सरळ होतं. पुढे फक्त हळूहळू ओढलं जातं, आणि त्याचा कमाल वेग दशलक्षात ८३,३३३, म्हणजे सुमारे ८.३ टक्के. एक तासाचा फरक भरून काढायला त्यामुळे १२ तास लागतात. क्रोनीला व्हीएम झोपलं होतं हे ठाऊक नाही, त्याच्या लेखी तो सलग चालूच आहे. जी व्हीएम थांबवली-उठवली जातात तिथे 'मेकस्टेप १ -१' लिहा, म्हणजे केव्हाही उडी मारायची मुभा. पण ज्या डेटाबेसला वेळ मागे गेलेली खपत नाही, तिथे हे लावण्यापेक्षा मेमरीसकट स्नॅपशॉट घेणंच बंद करा.

घड्याळाला मालक एकच हवा. क्रोनी असेल तर 'व्हीएमवेअर-टूलबॉक्स-सीएमडी टाइमसिंक डिसेबल' चालवा. एवढं करूनही व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेणं), स्नॅपशॉट अशा प्रसंगी टूल्स एकदा वेळ लावतातच, ते थांबवायला व्हीएमच्या प्रगत सेटिंगमध्ये जावं लागतं. केव्हीएमवर 'पीटीपी_केव्हीएम' मॉड्यूल लोड करून क्रोनीला होस्टचंच घड्याळ थेट देता येतं, अर्थात होस्ट स्वतः जुळलेला असेल तर.

ऑडिटचा शेरा बहुधा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांवरून आला असेल. त्यांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे, आणि लॉग १८० दिवस ठेवायला. प्रत्येक व्हीएम बाहेर पाठवण्याची गरज नाही. दोन-तीन अंतर्गत सर्व्हर तिथून वेळ घेतील, बाकीचे त्यांच्याकडून.

प्रश्न: कुबरनेटीसचे (कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेचे) नोड, म्हणजे सर्व्हर, उबुंटू २०.०४वरून २२.०४वर नेले. कंटेनरच्या इमेजला हातही लावला नाही, तरी जावा ८चे पॉड (कंटेनरचे गट) १३७ कोड देऊन मरू लागले. कंटेनर ओएसपासून स्वतंत्र असतो ना?
— बॅकएंड डेव्हलपर, हिंजवडी

उत्तर: फाइलींपुरता स्वतंत्र. कर्नल नोडचंच असतं, आणि तुम्ही बदललं ते नेमकं तेच. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा ठार करण्याचा सिग्नल: मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने मारलं.

२२.०४मध्ये सीग्रुपची (प्रोसेसना मेमरी-सीपीयूची मर्यादा घालणाऱ्या कर्नलमधल्या सोयीची) दुसरी आवृत्ती मूळ म्हणून आली आहे. कंटेनरची मर्यादा तिच्यात वेगळ्या फाइलींत लिहिलेली असते. जावा ८मध्ये ती वाचण्याची अक्कल आली ८यू३७२पासून, ११मध्ये ११.०.१६पासून, आणि १५ व पुढे मुळातच आहे. तुमच्या इमेजमधला जावा त्याआधीचा असणार. त्याला मर्यादा सापडत नाही, मग तो नोडची सगळी रॅम बघतो आणि तिच्या चौथ्या भागाएवढी हीप (प्रोग्रॅमच्या डेटासाठीची मेमरी) धरतो. ६४ जीबीच्या नोडवर ते झाले १६ जीबी, आणि पॉडची मर्यादा २ जीबी.

नोडवर 'स्टॅट -एफसी %टी /सिस/एफएस/सीग्रुप' चालवा, 'सीग्रुप२एफएस' आलं की निदान पक्कं. उपाय म्हणजे इमेजमधला जावा बदलणं. तोवर 'एक्सएमएक्स'ने हीप स्पष्ट आकड्यात द्या, २ जीबीच्या पॉडला १,५०० एमबीच्या आसपास. बाकी जागा थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस आणि बफरना लागते. 'मॅक्सरॅमपर्सेंटेज ७५' हा नुस्खा जुन्या जावावर चुकूनही लावू नका. तो नोडच्या ६४ जीबीचे ७५ टक्के धरेल.

असाच आणखी एक प्रकार: सेंटओएस ६ची जुनी इमेज नव्या नोडवर सुरू होताक्षणी १३९ देऊन पडते. तिच्यातलं जुनं जीलिबसी (मूळ सी लायब्ररी) कर्नलला हाक मारायला 'व्हीसिसकॉल' नावाचा रस्ता वापरतं आणि डेबियनसारख्या काही कर्नलमध्ये तो बंद केलेला आहे. नोडच्या बूट पॅरामीटरमध्ये 'व्हीसिसकॉल=एम्युलेट' दिलं की चालते. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरं नाही, इमेज निकालात काढेपर्यंतची सोय समजा.

प्रश्न: टॅलोस, बॉटलरॉकेट अशा फक्त कंटेनरसाठीच्या ओएसमध्ये म्हणे एसएसएचच नसतं. आमच्या तीन नोडच्या क्लस्टरला घ्यावी का?
— डेव्हऑप्स इंजिनिअर, ठाणे

उत्तर: टॅलोसमध्ये शेलही नाही. रूट फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती, आणि सगळा कारभार 'टॅलोससीटीएल'ने, सर्टिफिकेट दाखवून, एपीआयवरून. कर्नलचे संदेश, क्युबलेटचे (नोडवरच्या कुबरनेटीस एजंटचे) लॉग, अपग्रेड, सगळं त्यातूनच. बॉटलरॉकेटमध्ये गरज पडल्यास एक ॲडमिन कंटेनर सुरू करून आत शिरता येतं. दोन्हींत अपग्रेड म्हणजे पॅकेज बदलणं नव्हे, दुसऱ्या भागात नवीन पूर्ण इमेज टाकून तिच्यावरून बूट करणं. बिघडलं तर जुन्या भागावर परत.

त्या क्लस्टरवर कुबरनेटीसशिवाय दुसरं काही चालणार नसेल आणि सेटिंग गिटमध्ये ठेवायची शिस्त टीमला असेल, तर टॅलोस जरूर घ्या. पण ऑडिटर 'प्रत्येक सर्व्हरवर अँटिव्हायरस एजंट दिसला पाहिजे' म्हणणारा असेल तर आधी त्याच्याशी बोला. असा एजंट इथे आरपीएम पॅकेजने बसत नाही, डेमनसेट (प्रत्येक नोडवर एक पॉड) म्हणून चालवावा लागतो, आणि ती सोय त्या विक्रेत्याकडे आहे का ते विचारावं लागतं. सर्टिफिकेटची फाइल हरवली तर मागचं दार नाही, म्हणून तिची प्रत क्लस्टरच्या बाहेर ठेवा.

एसएसएच सोडवत नसेल तर फ्लॅटकार आहे, मे २०२०मध्ये बंद झालेल्या कोअरओएस कंटेनर लिनक्सचा वारस. तिथे नवखे एका जागी हमखास फसतात: इग्निशनची (नोडच्या सुरुवातीच्या सेटिंगची) फाइल फक्त पहिल्या बूटला वाचली जाते. नंतर तीत कितीही बदल करून रीबूट केलंत तरी काही होत नाही. नोड नव्याने उभा करायचा, हीच तिथली पद्धत.

प्रश्न: प्रॉक्समॉक्सवर अल्मालिनक्स ९ बूट होतानाच 'सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ला सपोर्ट करत नाही' म्हणून थांबतं. सर्व्हर तर दोन वर्षांपूर्वीचा आहे.
— वाचक, नागपूर

उत्तर: सर्व्हर नवा आहे, व्हीएमला दाखवलेला सीपीयू जुना आहे. जुन्या आवृत्तीत बनवलेल्या व्हीएमचा सीपीयू प्रकार 'केव्हीएम६४' असतो, म्हणजे व्ही२ या क्षमतेच्या पातळीखालचा. तो 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' करा आणि व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा, आतून दिलेला रीबूट पुरत नाही. रेड हॅट १०ला व्ही३ लागतो. 'होस्ट' निवडलं तर वेग सगळ्यात चांगला, पण क्लस्टरमध्ये वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर असतील तर लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू व्हीएम दुसऱ्या नोडवर नेताना) व्हीएम गोठेल किंवा कोसळेल. मग सगळ्यांत जुन्या नोडला जमेल तोच प्रकार सगळ्यांना ठेवा.